छतातून आलेले पाणी आणि आमचे भिजलेले सामान: भरपाई मिळेपर्यंतचे पाच महिने

भाड्याच्या घरात छतातून पाणी आले आणि आमचे सामान भिजले, तेव्हा पहिल्या आठवड्यात भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला एकच गोष्ट सांगितली: घर मालकाचे, सामान तुमचे, तेव्हा सामानाचे नुकसान तुम्हीच सोसायचे. मीही काही दिवस ते खरे मानून बसले होते. पुढच्या पाच महिन्यांत हळूहळू कळत गेले की पाणी कशामुळे आले, ते येऊ शकते हे आधीपासून कोणाला ठाऊक होते आणि ठाऊक असूनही कोण गप्प राहिले, यांवर जबाबदारी बरीचशी ठरते. हे त्या पहिल्या आठवड्यात कोणी सांगितले असते तर आमची पुष्कळ धावपळ आणि काही रात्रींची झोप वाचली असती, म्हणून सगळे तारखांसह लिहीत आहे.

आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे यजमान आणि शाळेत जाणारी मुलगी, १ जून २०२३ पासून पुण्यात कोथरूडमधील एका जुन्या इमारतीच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर थेट गच्ची आहे. भाडे महिना २२,००० रुपये, अनामत रक्कम ६६,००० रुपये आणि मुदत २४ महिने. करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीपुरता राहण्याचा परवाना देणारा, आणि ऑनलाइन नोंदवलेला होता. एजंट यंत्र घेऊन घरी आला, अंगठ्याचे ठसे आणि फोटो घेतले, आणि एक हजार रुपये नोंदणी फी व मुद्रांक शुल्क यांचा खर्च आम्ही आणि मालकांनी निम्मा निम्मा केला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर असते. पुढे ज्या ज्या ठिकाणी गेले तिथे पहिला कागद हाच मागितला गेला. ज्यांचा करार नोंदवलेला नाही त्यांनीही खचून जाऊ नये, कारण त्याच कलमाप्रमाणे अशा वेळी अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

करारातील दुरुस्तीचे कलम चार ओळींचे होते. नळ, बल्ब, कड्या-कोयंडे अशा किरकोळ दुरुस्त्या आम्ही करायच्या आणि बांधकामाशी संबंधित मोठ्या दुरुस्त्या मालकांनी. सामानाच्या नुकसानीबद्दल मात्र एक अक्षरही नव्हते. सही करताना ते माझ्या लक्षात आले नाही.

२०२४ च्या जून महिन्यात, पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर, मागच्या खोलीत पंख्याच्या कपाजवळ साधारण ताटलीएवढा पिवळसर डाग दिसला. मी मालकांना फोन केला. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते निवृत्त आहेत आणि नाशिकला असतात. "ताई, जुनी इमारत आहे, पावसाळ्यात थोडी ओल येणारच. पावसाळा संपला की रंग काढून देतो," असे ते म्हणाले. मी बरे म्हटले आणि विषय तिथेच सोडला. त्या फोनची कुठेही नोंद नव्हती. या साऱ्या प्रकरणात माझ्याकडून झालेली सर्वांत मोठी चूक ती हीच. त्याच दिवशी डागाचा फोटो आणि दोन ओळींचा संदेश पाठवला असता तर पुढचे अर्धे वाद उद्भवलेच नसते.

२४ जुलैच्या रात्री पुण्यात पावसाने थैमान घातले. दुसऱ्या दिवशी खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले, ती हीच रात्र. आमच्याकडे पाणी खालून नव्हे, वरून आले. पहाटे पावणेतीनच्या सुमारास मुलीने हाक मारून उठवले. मागच्या खोलीत पंख्याच्या दांडीवरून पाण्याची सलग धार गादीवर पडत होती आणि भिंत व छत जिथे मिळतात त्या रेघेतून कपाटाच्या पाठीमागे पाणी उतरत होते. यजमानांनी सर्वांत आधी मेन स्विच बंद केला. छतातील वायरिंगच्या नळीतून पाणी येत असताना दिव्याच्या बटणाला हात लावणे जिवावर बेतू शकते, म्हणून हे आधी सांगते. नंतर टॉर्चच्या उजेडात घमेली, बादल्या, कणीक मळायची परात, जे हाताला लागेल ते खाली ठेवत गेलो.

मी घरी बसून मुद्रितशोधनाचे काम करते. कपाटाचा खालचा भाग आणि शेजारची दोन शेल्फे पुस्तकांनी भरलेली होती. सकाळी उजेडात पाहिले तेव्हा कपाटाच्या फळ्यांच्या कडा पाणी पिऊन दुप्पट जाड झाल्या होत्या, वरचा सनमायका सुटून वर आला होता आणि बोटाने दाबले की आतला भुसा ओल्या कोंड्यासारखा खाली पडत होता. साध्या कागदाची पुस्तके फुगली होती, पण त्यांची पाने निदान सुटी करता येत होती. गुळगुळीत कागदावर छापलेल्या चित्रमय पुस्तकांची पाने मात्र एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना वरच्या पानाचा रंग खालच्या पानाबरोबर निघून आला. आईच्या दोन इरकली साड्यांचा काठ पदरावर उतरला होता. लॅपटॉप टेबलावर झाकून ठेवलेला होता, तरी त्याच्या कळफलकात पाणी गेले होते.

त्या पहाटे सुचलेल्या दोन गोष्टी पुढे फार उपयोगी पडल्या. एक म्हणजे सामान हलवण्याआधी सलग सात मिनिटांचा व्हिडिओ काढला, ज्यात छतातून पडणारे पाणी आणि त्याखालचे सामान एकाच दृश्यात दिसते. सुटे फोटो पुष्कळ होते, पण पाणी नेमके कुठून कशावर पडले हे फक्त त्या व्हिडिओने दाखवले. दुसरी म्हणजे २ वाजून ५८ मिनिटांनी काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि संदेश पाठवला. पुस्तके उन्हात न टाकता पंख्याखाली उभी करून पानापानांत टिपकागद घातले. उन्हात टाकलेली पुस्तके वाकडी होतात. तरीही १४३ पुस्तकांना तीन-चार दिवसांत बुरशी धरली आणि ती टाकून द्यावी लागली. टाकण्याआधी प्रत्येकाच्या मुखपृष्ठाचा आणि आतल्या भिजलेल्या पानाचा फोटो घेतला. हे काम करताना मला अनेकदा रडू आले, आणि तरीही ते केले याचे आज समाधान वाटते.

सकाळी साडेसहाला काकांशी बोलणे झाले. ते मनापासून हळहळले, पण नुकसानीचा विषय काढताच म्हणाले, "ताई, एवढा पाऊस झाला, सारे पुणे पाण्यात आहे. ही देवाची करणी, त्यात मी काय करणार? गच्ची तर सोसायटीची आहे." त्याच दुपारी मी सोसायटीच्या सचिवांकडे गेले. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतले आणि सांगितले की मी सभासद नाही, तेव्हा तक्रार मालकांकडूनच यायला हवी. त्यांचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नव्हते, तरी मी २६ जुलै रोजी स्वतःच्या नावाने एक पत्र लिहून नेले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. त्यांनी थोड्या अनिच्छेने शिक्का मारून आवक क्रमांक टाकला. पोच नसलेले पत्र आणि न लिहिलेले पत्र यांत पुढे काहीच फरक उरत नाही. काकांकडून सोसायटीला पत्र यायला मात्र नऊ दिवस लागले, आणि त्या काळात खोलीत ओल्या चुन्याचा वास भरून राहिला होता.

४ ऑगस्टला, रविवारी, समितीचे तीन सदस्य आणि एक कंत्राटदार गच्चीवर गेले. मीही गेले. पाणी वाहून जाण्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर पिंपळाची पाने आणि प्लास्टिक यांचा जाड थर होता. त्यामुळे गच्चीत पाणी साचले होते आणि पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, कडेने कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) तडकला होता. कंत्राटदाराने एका तड्यात पेन्सिल घालून दाखवली. ती दोन इंच आत गेली. त्या पेन्सिलीचा फोटोही मी काढून ठेवला.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांमध्ये, दुरुस्तीच्या खर्चाची वाटणी दिलेली आहे, ती इथे कामाला आली. गच्ची, पॅरापेट, पाण्याच्या टाक्या, सामाईक जलवाहिन्या, तसेच पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. एखाद्या सदनिकेतील संडास, मोरी किंवा सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती त्या त्या सदनिकाधारकाने संस्थेला कळवून दुरुस्त करायची असते. आमच्यावर कोणी राहत असते आणि त्यांचा नळ उघडा राहिला असता तर आम्हाला त्या शेजाऱ्यांकडे दाद मागावी लागली असती. आमची गळती गच्चीची होती, त्यामुळे दुरुस्ती सोसायटीची हे समितीने त्याच दिवशी मान्य केले. सामानाच्या भरपाईबद्दल मात्र उपविधींत काही नाही, असे सांगून त्यांनी हात वर केले.

या प्रकरणाला खरे वळण लागले ते अगदी साध्या रीतीने. माझ्या पत्राचा आवक क्रमांक पाहायला मी ७ ऑगस्टला सोसायटीच्या कार्यालयात गेले होते. लेखनिकांनी नोंदवही समोर ठेवली. आमच्या सदनिकेचा क्रमांक शोधताना मागच्या पानांवर सप्टेंबर २०२२ ची एक नोंद दिसली: याच सदनिकेच्या मागच्या खोलीत छतातून पाणी गळत असल्याची तक्रार, अर्जदार म्हणून मालकांचे नाव आणि शेरा, "गच्ची पाहून घेणे". पुढे काहीच नाही. म्हणजे आम्ही राहायला येण्याच्या आठ-नऊ महिने आधी काकांना गळती ठाऊक होती, त्यांनी सोसायटीला लेखी कळवली होती, सोसायटीने काही केले नव्हते, आणि मग खोलीला रंग देऊन ती आम्हाला दाखवण्यात आली होती. मी त्या पानाची प्रत मागितली. लेखनिकांनी सचिवांना फोन लावला आणि सचिवांनी ती दिली. दडवता आले असते, पण त्यांनी दडवले नाही, याबद्दल मला आजही त्यांच्याविषयी आदर आहे.

त्यानंतर घरी बसून यादी केली. इमारतीतील दोन शेजाऱ्यांना बोलावून वस्तू दाखवल्या आणि तारखेसह त्यांच्या सह्या घेतल्या. नदीकाठच्या पूरग्रस्त घरांचे सरकारी पंचनामे तेव्हा चालू होते, पण आमचे नुकसान पुराचे नव्हते, त्यामुळे त्या वाटेला जाण्यात अर्थ नव्हता. यादीत मी प्रत्येक वस्तूची खरेदीची किंमत, वर्ष आणि वापर वजा जाता उरलेली किंमत असे रकाने केले. कपाट २०२१ मध्ये १९,००० रुपयांना घेतले होते, त्याचे ९,५०० धरले. दोन गाद्या २०२२ मध्ये १६,००० रुपयांना घेतल्या होत्या, त्यांचे ११,२००. लॅपटॉपच्या दुरुस्तीचे बिल ७,८०० रुपये, ते पूर्ण. टाकलेल्या पुस्तकांची किंमत २४,६०० होत होती, ती निम्मी, १२,३००. दोन साड्यांचे ४,५०० आणि बाकीच्या साड्या ड्रायक्लीन करण्याचे १,४००. एकूण ४६,७०० रुपये. जुन्या वस्तूला नव्याची किंमत मागू नये असे मला यजमानांनी बजावले होते, आणि ते योग्यच होते. पुढे ही यादी पाहून समोरच्यांनी एकाही आकड्यावर हरकत घेतली नाही. ज्या वस्तूंची बिले नव्हती त्यांच्यासाठी बँकेचे उतारे आणि ऑनलाइन खरेदीच्या जुन्या ईमेल शोधून काढल्या. इरकली साड्या आईने तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या होत्या, त्यांचा काही पुरावा नव्हता, तो फक्त अंदाज होता आणि तसे यादीत स्पष्ट लिहिले.

१२ ऑगस्टला मी शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे आपल्याकडे किती जणींना ठाऊक आहे कोण जाणे. मला ते शेजारच्या मावशींनी सांगितले. आधार कार्ड, करार, पत्रांच्या प्रती आणि साधा अर्ज एवढे लागले. पहिल्या दिवशी अर्ज घेतला गेला, आणि चार दिवसांनी एका वकील बाईंची भेट ठरली.

त्यांनी अर्धा तास शांतपणे ऐकले आणि मग जे समजावले ते मी घरी येऊन शब्दशः वहीत उतरवले. पहिली गोष्ट म्हणजे आम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक आहोत. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे मालकाने जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवायची असते, आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करू शकतो. पण हे कलम भाडेकरूसाठी आहे; लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने त्याच्या भरवशावर भाडे कापायला जाऊ नये. परवान्याचे नाते १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टमधून येते, आणि त्याचे कलम ५७ सांगते की जागेत असा काही दोष असेल की ज्याने परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होऊ शकतो, आणि तो दोष देणाऱ्याला माहीत व घेणाऱ्याला माहीत नसेल, तर तो उघड करणे देणाऱ्यावर बंधनकारक आहे. वकील बाईंनी नोंदवहीच्या त्या पानावर बोट ठेवून विचारले, "हे त्यांनी तुम्हाला करार करताना सांगितले होते का?" मी नाही म्हटले. "मग तुमचे प्रकरण इथे आहे. पाऊस किती पडला यावर ते अवलंबून नाही."

सोसायटीशी आमचा काही करार नव्हता. तिच्याविरुद्धचे म्हणणे वेगळ्या पायावर उभे होते: गच्चीची देखभाल हे तिचे कर्तव्य, लेखी तक्रार मिळूनही दोन पावसाळे काही न करणे हा निष्काळजीपणा, आणि त्यातून झालेले नुकसान. या दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या आणि दोघांनाही एकाच नोटिशीत स्वतंत्र परिच्छेदांत लिहायचे, असे ठरले. वकील बाईंनी माझ्या बाजूचा कच्चा दुवाही झाकून ठेवला नाही. जूनमधला डाग मी पाहिला होता, आणि १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम ७३ मध्ये नुकसान मोजताना ते कमी करायला काय करता आले असते याचाही विचार होतो. "डाग दिसल्यावर कपाट का हलवले नाही, असे ते विचारणार," त्या म्हणाल्या. माझे उत्तर एवढेच होते की मालकांनी ती साधी ओल असल्याचे सांगितले होते. ते खरे होते, पण फक्त फोनवर.

आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: काहीही झाले तरी भाडे थांबवायचे नाही. रागाच्या भरात ऑगस्टचे भाडे अडवून ठेवावे असे आमच्या मनात आले होते. भाडे थकले की समोरच्याच्या हाती तक्रारीचे कारण मिळते आणि मूळ विषय बाजूला पडतो. आम्ही दर महिन्याच्या ५ तारखेला बँकेतून भाडे भरत राहिलो आणि त्या नोंदी फाइलला लावत गेलो.

नोटीस १९ ऑगस्टला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह दोघांना गेली. टपाल आणि झेरॉक्स मिळून २६० रुपये खर्च झाला. काकांचे उत्तर ५ सप्टेंबरला आले, वकिलामार्फत. जबाबदारी नाकारलेली होती, अतिवृष्टीचा उल्लेख होता, आणि शेवटी करारातील एक महिन्याच्या नोटिशीच्या कलमाची आठवण करून दिली होती. त्या शेवटच्या परिच्छेदाने माझे हातपाय गळाले. मुलीचे दहावीचे वर्ष, ओली खोली, आणि आता घर सोडायची टांगती तलवार. दोन रात्री आम्ही दोघे हे सगळे सोडून द्यावे का, यावर बोलत बसलो. ४६,७०० रुपयांसाठी घर पणाला लावायचे का, हा प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे असू शकते. वकील बाई म्हणाल्या की दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, घाई नाही. पण दाव्याआधी लोकअदालतीत, म्हणजे मध्यस्थांपुढे बसून तडजोड करण्याच्या मार्गाने, बोलणे करून पाहता येते, त्याला न्यायालयीन शुल्क नाही आणि कोणाचे नातेही तुटत नाही. गणेशोत्सव चालू असताना, ९ सप्टेंबरला, मी दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज दिला.

मग वाट पाहणे सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये एक बैठक झाली, तिला सोसायटीकडून कोणी आले नाही. दिवाळी झाली. नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानाच्या आसपास कोणालाच वेळ नव्हता. ज्यांना अशा वाटेने जायचे आहे त्यांनी मध्ये दोन-तीन महिने काहीच न घडण्याची तयारी ठेवावी. मी प्रत्येक खेपेनंतर वहीत तारीख, कोण भेटले आणि काय सांगितले हे लिहीत असे. या काळात एक चांगली गोष्ट झाली: पाऊस थांबल्यावर सोसायटीने गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतले. कंत्राटदाराने नवा कोबा केल्यावर गच्चीतले पाणी वाहून जाण्याचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवले आणि आमच्या छताला ओल येते का, हे खाली येऊन पाहिले. अशी चाचणी केल्याशिवाय काम झाले असे मानू नये, असे त्यानेच सांगितले.

नोव्हेंबरच्या अखेरीच्या बैठकीला काका स्वतः नाशिकहून आले. मध्यस्थांनी नोंदवहीचे पान त्यांच्यासमोर ठेवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, मी सोसायटीला कळवले होते. सांगितले असते तर कोणी भाड्याने घेतले नसते, असे वाटले मला." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला सहा महिने घर रिकामे ठेवणे परवडत नाही, हे मला समजत होते. तरीही ते एक वाक्य त्यांनी मे २०२३ मध्ये उच्चारले असते तर आम्ही कपाट दुसऱ्या भिंतीला लावले असते, आणि आईच्या साड्या तरी वाचल्या असत्या. मी हे त्यांना तिथेच सांगितले. सोसायटीचे सचिव या वेळी समितीचा ठराव घेऊन आले होते, त्यामुळे त्यांना तिथल्या तिथे आकड्यावर बोलता आले. समोर संस्था असेल तर तिच्या प्रतिनिधीकडे ठराव आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. नाहीतर एक खेप वाया जाते.

१४ डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड नोंदवली गेली. काकांनी २०,००० रुपये, सोसायटीने १२,००० रुपये, आणि मागची खोली वापरता न आल्याबद्दल जानेवारी व फेब्रुवारीच्या भाड्यातून प्रत्येकी ५,००० रुपये वजा. सामानाच्या ४६,७०० पैकी ३२,००० आणि भाड्यातील सवलत वेगळी, असा हिशेब बसला. मी थोडे ताणू शकले असते, पण जूनमधल्या डागाचा प्रश्न माझ्याही मनात होता. सही करण्याआधी मध्यस्थांनी नीट समजावले की लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील होत नाही, तेव्हा मन पूर्ण तयार असेल तरच सही करावी. काकांचा धनादेश १८ डिसेंबरला वटला. सोसायटीचा १० जानेवारीला मिळाला. माझा स्वतःचा खर्च, येणे-जाणे, प्रती आणि टपाल धरून, १,९०० रुपयांच्या आसपास झाला, आणि यजमानांच्या पाच रजा गेल्या.

सोसायटीचा विमा इमारतीपुरता होता. राहणाऱ्यांच्या सामानाशी त्याचा संबंध नव्हता. आम्ही जानेवारीत फक्त घरातील सामानाचा विमा घेतला. भारत गृह रक्षा ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे एकसारख्या शब्दांत मिळते आणि भाड्याने राहणाऱ्यालाही ती केवळ सामानासाठी घेता येते. टाकी किंवा पाइप फुटून किंवा भरून वाहून झालेले नुकसान तिच्यात येते. मात्र एकाएकी आलेले पाणी आणि महिनोन्‌महिने झिरपणारी ओल यांत विमा कंपन्या फरक करतात, त्यामुळे डाग दिसल्याच्या दिवशी लेखी कळवणे विम्यासाठीही तितकेच गरजेचे आहे.

३१ मे २०२५ ला करार संपला. काकांनी घर सोडायला सांगितले नाही, आणि आम्हीही सोडले नाही. नव्या करारात आम्ही दोघांनी मिळून एक परिच्छेद घातला: सदनिकेत पूर्वी झालेल्या गळतीची माहिती मालकांनी दिली आहे, गच्चीची दुरुस्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली आहे, पुन्हा ओल दिसल्यास परवानाधारक तीन दिवसांत लेखी कळवेल आणि मालक त्यानंतर सात दिवसांत सोसायटीकडे तक्रार नोंदवून तिची पोच परवानाधारकाला देईल, तसे न केल्यामुळे झालेल्या सामानाच्या नुकसानीस मालक जबाबदार राहतील. एजंटने हा मजकूर ठराविक मसुद्यात बसत नाही असे सुरुवातीला सांगितले, पण इतर अटींच्या जागी तो बसला. मागच्या खोलीत आता लोखंडी कपाट आहे, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेले, म्हणजे मागची भिंत दिसत राहते.